गाण्याची शाळा टाळकऱ्यांच्या रांगेत



सप्ताह संपतो, काल्याची पंगत बसते आणि लोक जवळ येऊन विचारायला लागतात. निरूपणाविषयी एक प्रश्न असला तर गाण्याविषयी चार असतात. महाराज, ही चाल कुणाची? संत आधी चाल धरत होते की आधी शब्द? आमच्या पोराला गळा चांगला आहे, त्याला कुठं शिकायला घालू? या प्रश्नांवर पारोळ्याच्या कीर्तनात जे बोललो तेच इथं सावकाश मांडतो. कीर्तनात टाळ-मृदंग मदतीला असतात, कागदावर ते नसतात. म्हणून वाचता वाचता तुम्ही मांडीवर बोटानं ठेका धरलात तर बरं होईल.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. ज्याला पुढं उभं राहून गायचं आहे, रचायचं आहे, त्यानं आधी मागं उभं राहून धृपद धरावं. गाण्याची शाळा तिथं आहे. आता हे असं का, ते बघू.

धृपद म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत आहे, तरी नव्या मंडळींसाठी सांगतो. अभंगाची जी ओळ प्रत्येक कडव्यानंतर परत परत येते, ती धृपदाची ओळ. पुढचा गायक कडवं म्हणतो आणि मागचे टाळकरी धृपद उचलतात. मृदंगाची थाप तिथंच जड होते. कडवं गायकाच्या ताब्यात असतं, पण धृपद सगळ्यांचं असतं. ज्याला अभंग पाठ नाही, ज्याला अक्षर ओळखता येत नाही, त्यालाही दुसऱ्या फेरीपासून धृपद म्हणता येतं. अभंगाची सगळी बांधणी या एका गोष्टीसाठी केली आहे, असं मला इतकी वर्षं गाऊन वाटत आलं आहे.

ती बांधणी कशी असते? मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात चार चरण. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं. मोजणी दाखवायला एक ओळ जुळवून देतो, ही काही संतवाणी नव्हे: शेतामधी पाणी, वेळेवर आले, पीक उभे झाले, डोलू लागे. बोटं मोडून मोजा. सहा, सहा, सहा, चार. ‘आले’ आणि ‘झाले’ हे यमक. लहान अभंग याहून सोपा. त्यात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक: बैल चालतो रानात, घुंगरू वाजे कानात. झालं. जोडाक्षर आलं तर ते एकच धरायचं.

आता यातली खुबी बघा. इथं अक्षरं मोजतात, मात्रा मोजत नाहीत. संस्कृत वृत्तात कुठलं अक्षर लघु आणि कुठलं गुरू हे आधीच ठरलेलं असतं, तिथं गायकाला हात लावता येत नाही. अभंगात फक्त संख्या ठरलेली आहे. कुठलं अक्षर लांबवायचं, कुठं थांबायचं, हे गाणाऱ्यावर सोपवलेलं आहे. साधा आठ मात्रांचा भजनी ठेका घेतला आणि सहा अक्षरांचा चरण त्यात बसवला, तर दोन मात्रा मोकळ्या उरतात. चार अक्षरांच्या शेवटच्या चरणाला चार मात्रा मोकळ्या. त्या मोकळ्या जागेत गायक श्वास घेतो, मृदंगवाला आपला बोल टाकतो आणि मागचा टाळकरी सावध होतो की आता आपली पाळी आली. रचणाऱ्यानं मागच्या माणसासाठी जागा राखून ठेवली आहे. म्हणून एकाच अभंगाला शंभर चाली लागतात आणि अभंग मोडत नाही.

मग ‘चाल कुणाची’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? बहुतेक जुन्या चालींना मालक नाही. कुणी तरी म्हटली, दुसऱ्यानं ऐकली, दिंडीत चालता चालता तिसऱ्याच्या तोंडी थोडी वळली. शब्दाला मात्र नाव आहे. शेवटच्या कडव्यात संत आपलं नाव गुंफतात, तिला नाममुद्रा म्हणतात. अहंकारानं घातलेलं नाव नव्हे ते. छापखाना नव्हता, शब्द तोंडातोंडी जायचे. कुणाचा शब्द कोणता हे कळायला ती खूण लागत होती.

ही बांधणी संतांनी कुठून आणली? आपल्या मायबहिणींकडून. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. राजानं ग्रंथात लिहावं इतकी ती ओवी तेव्हाच घराघरांत रुळलेली होती. पुढं साधारण एकशे साठ वर्षांनी, शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर माऊलींनी नेवाशाला गीतेवर भाष्य केलं. ते कशात केलं? ओवीत. साडेतीन चरणांची ओवी, पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. उखळाजवळची, जात्याजवळची वस्तू माऊलींनी उचलली आणि तिच्यात तत्त्वज्ञान ओतलं. संस्कृतात लिहायला त्यांना काही अडचण नव्हती. पण ज्यांच्यासाठी सांगायचं होतं त्यांच्या कानाला ओवीची सवय होती. पैठणच्या एकनाथ महाराजांनीही तेच केलं. वासुदेव, जोशी, गोंधळी, रस्त्यावरून जी मंडळी गात जायची त्यांचंच सोंग घेऊन भारूड रचलं. म्हणजे लोकांचं गाणं आधी ऐकायचं, मग त्यात आपलं सांगणं भरायचं. ऐकणं पहिलं.

आता तुकोबारायांकडे येऊ. तुकोबांची गाथा म्हणजे सुमारे साडेचार हजार अभंग. एवढं रचणारा माणूस कुठं शिकला? त्यांनी स्वतःच एका अभंगात आपला प्रवास सांगून ठेवला आहे. त्याचा आशय असा, की सुरुवातीला एकादशीला कीर्तन करू लागलो, पण मन अभ्यासात रमत नव्हतं. मग संतांची काही वचनं श्रद्धेनं पाठ केली. आणि जे पुढं गात त्यांच्या मागं उभं राहून भावानं धृपद धरलं. बघा माऊली, ज्यांना आपण संतांच्या मंदिराचा कळस म्हणतो, ते तुकोबा आधी टाळकरी होते. मागच्या रांगेत होते. नामदेवरायांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्व करायला सांगितलं, हेही तुकोबा सांगतात, पण तो प्रसंग नंतरचा. आधी पाठांतर, मग धृपद, मग कवित्व. हा क्रम लक्षात ठेवा. आजकाल क्रम उलटा झाला आहे, त्याविषयी पुढं बोलतोच.

धृपद धरून काय शिकायला मिळतं, असं तरुण पोरं विचारतात. पुष्कळ मिळतं. एक तर शब्द कुठं तुटतो आणि कुठं जोडतो ते कळतं, कारण गायकाच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं. दुसरं, आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिळवायला लागतो. जो जास्त ओरडतो त्याचा टाळ चुकतो, कारण त्याला मृदंग ऐकूच येत नाही. तिसरं, तीच ओळ पन्नास वेळा म्हटल्यावर तिचा अर्थ पन्नास वेळा बदलतो. पहिल्या दहा वेळा ती तोंडात असते. मग ती कानात येते. पुढं कधीतरी ती आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटायला लागतं.

तीच ओळ पुन्हा पुन्हा का यावी, हे आपल्या खानदेशाच्या मुक्ताईइतकं कुणी दाखवलं नाही. जुनं एदलाबाद, आताचं मुक्ताईनगर. तिथून मुक्ताईची पालखी महिनाभराहून जास्त चालत पंढरपूरला जाते, ती तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिली असेल, काही त्यात चाललेही असाल. तिचे ताटीचे अभंग सर्वांना ठाऊक आहेत. लोकांच्या बोलण्यानं खिन्न होऊन ज्ञानदेवांनी झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहिली, असा प्रसंग परंपरेनं सांगितला आहे. त्या अभंगांत ती दर वेळी नवं काही समजावते आणि शेवटी परत तीच विनवणी करते, की दार उघडा. वाचणाऱ्याला वाटेल, एकदा म्हटलं ते पुन्हा कशाला? पण बंद दारावर माणूस एकच थाप मारून थांबतो का? धृपद ही थाप आहे. दार उघडेपर्यंत मारायची. मागचे टाळकरी जेव्हा धृपद उचलतात तेव्हा एका बहिणीच्या हाताला शंभर हात लागतात. हे मनात धरून ताटीचे अभंग म्हणून बघा, चाल आपोआप सावकाश होते.

आता एक गोष्ट जवळची, जळगावची. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी. संतपरंपरेतल्या, तुकोबांच्या शिष्या बहिणाबाई वेगळ्या, त्या शिऊरच्या. या आपल्या बहिणाबाई १८८० साली आसोद्याला जन्मल्या, जळगावला चौधरींच्या घरात दिल्या, अक्षर शिकल्या नाहीत, जन्मभर शेतात राबल्या. पोथी, कीर्तन, भजन कानावर पडत होतं. आखाजीची झोक्यावरची गाणी, कानबाईची गाणी, भुलाबाईची गाणी, ही सगळी खानदेशी बाईच्या कानात असतातच, त्यांच्याही होती. घरात घरोट होता. आपल्याकडे जात्याला घरोट म्हणतात, हे गिरणीच्या दळणावर वाढलेल्या पोरांना सांगायला लागतं. दळता दळता त्या गात आणि त्यात नवं रचत. आपलं गाणं कसं येतं हे त्यांनी जात्याच्या गाण्यातच सांगितलं आहे, की जात्यातून पीठ यावं तसं ते आतून ओठांवर येतं. दुसऱ्या एका गाण्यात आपल्याला बोलायला शिकवणारी सरस्वती आहे असं म्हटलं आहे.

मायबापहो, पिठाच्या त्या दाखल्यात रचनेचं सगळं शास्त्र आलं. वरच्या तोंडात दाणा घातलाच नाही तर खालून पीठ कुठून येईल? बहिणाबाईंच्या तोंडात दाणा कोणी घातला? जिनं जात्याजवळ ओवी म्हटली त्या आईनं, मावशीनं, जिथं मांडवात बसून अभंग ऐकला त्या कीर्तनानं. आणि ताल? तो जात्यानं दिला. पाळूचा एक फेरा म्हणजे एक आवर्तन. दळणारीच्या दंडाला जेवढा दम आहे तेवढीच ओळ लांब होणार. मृदंगाच्या आधीचा मृदंग तो.

त्या गाण्यांचं पुढं काय झालं तेही ऐका, कारण त्यात आपल्या सर्वांना धडा आहे. बहिणाबाई लिहू शकत नव्हत्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, ते स्वतः कवी, आणि त्यांचे मावसभाऊ, या दोघांनी काही गाणी ऐकून वहीत उतरवून घेतली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हातात पडली, त्यांनी ते सोनं ओळखलं आणि १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण जी गाणी कुणी उतरवलीच नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या तेव्हा लोकांच्या तोंडी अभंग होते, असं परंपरा सांगते. म्हणजे मागच्या रांगेनं गाथा सांभाळली. बहिणाबाईंच्या जात्याजवळ अशी रांग नव्हती. दोन माणसं आणि एक वही होती.

शिकून रचणं कसं असतं, याचा शहरातला एक दाखला देतो. १९३६ साली प्रभात कंपनीनं ‘संत तुकाराम’ हा बोलपट काढला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते, संगीत केशवराव भोळ्यांचं. त्यात बीज आणि वृक्ष या विषयावरचं एक पद आहे. ते ऐकून कित्येकांना वाटलं की हा तुकोबांचाच अभंग, आणि लोक गाथा उलटीपालटी करून शोधत बसले. ते पद तुकोबांचं नाही, शांताराम आठवले यांनी त्या बोलपटासाठी लिहिलेलं आहे. आपण इथं ध्यानात घ्यायचं ते असं, की संतांची भाषा, मोजणी, दृष्टान्त द्यायची रीत अंगात मुरल्याशिवाय असं लिहून होत नाही. दाणा आधी पोटभर घातला होता. आणि आपणही कीर्तनात ते पद घेतलं तर ‘आठवल्यांचं पद’ असं सांगून घ्यावं. मुद्रेचा मान राखायला हवा.

आता आजच्या गाण्याकडे येतो. सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणावा का, हा वाद गावोगाव आहे. काही जुनी मंडळी कानावर हात ठेवतात. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. नाथ महाराजांनी रस्त्यावरच्या गाण्याची चाल घेतली, मग नवी चाल म्हणून ती बाटली असं मी कसं म्हणू? चाल कुठून आली हे मी बघत नाही. आल्यावर ती अभंगाचं काय करते, ते बघतो. त्यासाठी तीन कसोट्या देतो. तुम्ही श्रोते आहात, तुम्हालाही त्या लावता येतील.

पहिली कसोटी शब्दाची. चालीच्या सोयीसाठी शब्द मधोमध तोडला, अर्धा या ओळीत आणि अर्धा पुढच्या ओळीत गेला, तर ती चाल त्या अभंगाची नव्हे. अक्षर लांबवायची मोकळीक संतांनी दिली आहे, शब्द चिरायची दिलेली नाही. आणि नवी चाल कानावर पडताच श्रोत्याला अभंगाऐवजी सिनेमातलं गाणं आठवत असेल, तर शब्द तिथंच हरवला.

दुसरी कसोटी मागच्या रांगेची. धृपद आलं आणि टाळकऱ्यांना उचलता आलं नाही, ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले, तर चाल कितीही गोड असो, ती मैफलीत नेऊन ठेवावी. मैफल वाईट नाही. भीमसेन जोशींनी गायलेले अभंग ऐकून माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण तिथं एकानं गायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं असतं. कीर्तनात सगळ्यांनी गायचं असतं.

तिसरी कसोटी पायांची. ती चाल म्हणत दिंडीत चालता येतं का? श्वास पुरतो का? वाटेत चढ लागला तरी ओळ पुरी होते का? वारीतल्या जुन्या चाली बघा, त्यात मोठी चढउतार नाही. त्या बनवणाऱ्याला सूर कमी ठाऊक होते असं नाही. चालणाऱ्याची छाती त्याला ठाऊक होती.

एका गावचा अनुभव सांगतो, गावाचं नाव नको. मोठा मांडव, आठ कर्णे, ऑक्टोपॅड, आवाजाला ईको लावलेला. गाणारा तरुण, गळा देवानं दिलेला. पण टाळकरी टाळ हातात धरून नुसते उभे. विणेकरी म्हातारबाबा, त्यांचे ओठ हलत होते पण काय म्हणावं ते त्यांना सापडत नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली. खानदेशात लाईट जाणं ही काही नवलाची गोष्ट नाही. माईक बंद, कर्णे बंद, अंधार. क्षणभर कुणालाच काही सुचेना. मग मृदंगवाल्यानं, ज्याच्या मृदंगाला विजेची गरज नव्हती, साधा ठेका धरला आणि त्या बाबांनी वीणा छेडून रूपाचा अभंग काढला, जुन्या चालीत. बायकांच्या बाजूनं आवाज आला, मग मागच्या पोरांचा, मग सगळ्या मांडवाचा. तो तरुण गायकही गात होता, आणि त्या रात्रीत पहिल्यांदा तो इतरांकडे बघून गात होता. कीर्तन झाल्यावर तो म्हणाला, “महाराज, मला या चाली कुणी शिकवल्याच नाहीत.” त्याचं खरं होतं. त्याला मोबाईलवर गाणं सापडलं, पण मागं उभं राहायला रांग सापडली नाही. आम्ही जुन्या लोकांनी ती रांग त्याच्यासाठी राखायला हवी.

म्हणून ज्यांच्या पोराला गळा आहे त्यांना माझं सांगणं असं. आळंदीला वारकरी शिक्षण संस्था आहे, जोग महाराजांनी १९१७ साली काढलेली. मुलाची तयारी असली तर तिथं पाठवा. ते जमत नसलं तर गावच्या हरिपाठाला पाठवा, पण माईक देऊ नका, टाळ द्या. दोन वर्षं धृपद धरू द्या. मृदंगाच्या धुमेला कणीक कशी लावतात, ती सुकली की आवाज कसा बदलतो, हे जवळ बसून बघू द्या. चाली आपण होऊन त्याच्या अंगात शिरतील. मग तो स्वतःची चाल बांधेल, आणि ती मागच्यांना उचलता येईल.

आणि सर्वांनाच एक विनंती. तुमच्या घरात, गल्लीत, कुणी आजी असेल जिला जात्यावरच्या ओव्या, आखाजीची गाणी, जुन्या चालीतला हरिपाठ येतो. ‘आजी, म्हण ना’ असं म्हटल्यावर ती लाजेल, मला काही येत नाही म्हणेल. तिला खुर्चीत बसवून समोर फोन धरू नका. तिच्याबरोबर शेंगा फोडायला बसा, मेथी निवडायला बसा. हात चालू लागले की गाणं येतं. फोन बाजूला चालू ठेवा, तिला सांगून ठेवा. आणि तिनं ओळ म्हटली की ती तुम्ही मागून म्हणा. चुकलं तर ती दुरुस्त करेल, आणि दुरुस्त करता करता पुढची ओळ तिला आठवेल. सोपानदेवांकडे वही होती म्हणून बहिणाबाई आपल्याला मिळाल्या. तुमच्या खिशात वहीपेक्षा सोपं साधन आहे, आणि आजीचं वय ऐंशीच्या पुढं गेलेलं आहे. आषाढी येईपर्यंत थांबू नका, या एकादशीलाच तिच्याजवळ जाऊन बसा.

पुंडलिकवरदाचा गजर करून सेवा इथंच थांबवतो. रामकृष्णहरी.